मागच्या दारी थांबलेले निरोप

आमच्या घराच्या पुढच्या दारातून माणसे येत आणि मागच्या दारातून बातम्या. पुढे ओटा होता, ओट्यावर खाट, आणि खाटेवर सकाळच्या कोवळ्या उन्हात माझे वडील बसलेले असत. त्यांना सारे गाव बापू म्हणे, म्हणून आम्ही मुलेही बापूच म्हणत असू. मागे गोठा, तुळशीचे ओटेवजा वृंदावन, आणि स्वयंपाकघराचा तो बुटका दरवाजा, ज्यातून आत येताना उंच माणसाला मान तुकवावी लागे. गावच्या कापसाच्या जिनाचा खरा कारभार त्या बुटक्या दरवाजातून चाले, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त चेअरमनला.

पन्नासचे दशक सरत आले होते. तापीकाठच्या आमच्या गावात कापूस पिकवणाऱ्या घरांनी एकत्र येऊन सहकारी जिन उभारले होते. कापसातली सरकी बाजूला काढून रुई वेगळी करणारा तो कारखाना म्हणजे आमच्या पंचक्रोशीचा अभिमान. त्यापूर्वी आमच्या गाड्या दूरच्या व्यापाऱ्यांच्या फाटकाशी दिवसचे दिवस उभ्या राहत, बैल जागच्या जागी झुलत, आणि गाडीवान परक्या अंगणातल्या सावलीची भीक मागत. बापू प्रकाशा गावापासून कळसाडीपर्यंत गावोगाव पायी फिरले. भाषण त्यांना येत नव्हते. ते लोकांच्या ओट्यावर बसत, त्यांच्या घरचे पाणी पीत आणि म्हणत, ‘‘आपली गाडी आपल्या फाटकाशी उभी राहावी, एवढेच.’’ त्या एवढ्याशा वाक्यावर जिन उभे राहिले. लोकांनी त्यांना चेअरमन केले ते त्यांच्या हुशारीसाठी नव्हे. त्यांच्यावर रागावणे कोणाला जमत नसे, म्हणून.

आणि त्यांनाही कोणावर रागावणे जमत नसे. कोणाचा चेहरा आपल्यामुळे उतरलेला त्यांना पाहवत नसे. आमची घरची बोली गुजरी. तिच्यात नकाराचे शब्द काही कमी नाहीत, पण बापूंच्या तोंडून ते मी क्वचितच ऐकले. मागणारा समोर आला की त्यांचे डोळे आधीच ओलावत, जणू मागण्याचे दुःख त्या माणसापेक्षा त्यांनाच अधिक झाले आहे.

मागच्या दाराच्या रीतीला एक कारण होते. मी अगदी लहान असताना बापूंचा धाकटा भाऊ तापीच्या पुरात उतारावरून वाहून गेला. ती बातमी घेऊन माणूस धावत आला तेव्हा बापूंच्या हातात पहिला घास होता. आई सांगे, त्यांनी तो घास पुन्हा ताटात ठेवला, अगदी हळू, कोणाला लागू नये तसा. त्यानंतर कित्येक महिने त्यांच्या गळ्याखाली अन्न उतरले नाही. आईने त्यांना पेजेवर जगवले. तेव्हापासून तिने एक नियम केला: बापूंचे जेवण होईपर्यंत कोणतीही वाईट बातमी त्यांच्यापर्यंत जाणार नाही. नियम प्रेमाचा होता, आणि प्रेमाच्या नियमांना कोठे थांबावे ते कळत नाही. जेवणानंतर बापू आडवे होत. झोपेतून उठवून कसे सांगायचे? उठल्यावर ओट्यावर माणसे जमत. चारचौघांत कसे सांगायचे? संध्याकाळी त्यांचा चेहरा थकलेला असे. अशा रीतीने एका घासाभोवतीची राखण सबंध दिवसाला वेढून बसली.

जिनातल्या माणसांनी हा नियम आपोआप शिकून घेतला. मॅनेजर, इंजिनवाला, वखारीचा राखणदार, सारे मागच्या दाराशी येऊन आईला विचारत, ‘‘वहिनी, बापूसले सांगू का आज?’’ आई चुलीपासून न उठता त्यांच्याकडे पाही. कधी म्हणे, ‘‘आज नको, रात्री त्यांचा डोळा लागलेला नाही.’’ कधी म्हणे, ‘‘उद्या एकादशी आहे, परवा बघू.’’ निरोप घेऊन आलेला माणूस ताक पिऊन परत जाई, आणि निरोप तेथेच, चुलीजवळच्या राखेसारखा, निवत पडे.

इंजिनवाला मोठा विनोदी होता. इंजिनाचा चामडी पट्टा झिजून दोऱ्यावर आला होता, आणि तो तीन वेळा दाराशी येऊन परत गेला होता. चौथ्या वेळी तो आईला म्हणाला, ‘‘वहिनी, मी पट्टालेच सांगी दिधं, भाऊ, आज तुटू नको, बापूसनं जेवण बाकी शे.’’ आई पदरात तोंड लपवून हसली. मीही हसले. पट्टा दोन दिवसांनी तुटला, सुदैवाने कोणाला लागला नाही, आणि बापूंना सांगितले गेले की इंजिन साफ करण्यासाठी बंद ठेवले आहे. त्या संध्याकाळी बापू समाधानाने म्हणाले, ‘‘माणसे फार काळजीने काम करतात. मला काही बघावे लागत नाही.’’

आज वाटते, ते वाक्य ऐकताना घरातल्या कोणाच्या तरी अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. त्यांचे समाधान पाहून आम्हाला आनंदच झाला.

जिनाच्या फाटकात उभे राहून येणारा कापूस तपासण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांना मी आबा म्हणे. ते पारखी होते. साठी उलटलेला, वाळक्या अंगाचा माणूस. पण हात मात्र कोणा तरुण बाईचे असावेत असे मऊ, लांब बोटांचे. गाडी फाटकात आली की ते बाही सारून कोपरापर्यंत हात कापसात घालत आणि डोळे मिटत. वरचा कापूस उन्हाने कोरडा असतो. ओल पोटात असते. त्यांचा हात त्या पांढऱ्या अंधारात काही क्षण थांबे आणि मग बाहेर येई, मुठीत कापसाचा एक पुंजका घेऊन. त्यातली सरकी ते दाढेखाली धरत. मलाही त्यांनी ते शिकवले होते. ‘‘सरकी दातखाले धर, पोरी. कट् वाजनी ते कोरडी. नही वाजनी ते गाडी माघारी.’’ कोरडी सरकी फुटताना जो आवाज होई तो एखाद्या वाळल्या काडीचा. ओली सरकी दाताखाली नुसती दबे, आणि जिभेवर कच्च्या पिठाची, किंचित कडवट चव पसरे.

ओला कापूस का घ्यायचा नाही हेही त्यांनीच मला सांगितले होते. ओली सरकी ढिगात दाबली गेली की ती तापते. तिची ऊब बाहेर येत नाही. वरून ढीग थंड आणि शुभ्र दिसतो, आणि आत तो स्वतःलाच भाजत राहतो. ‘‘आन मंग एक दिन कोनी ढीग उघाडस,’’ ते म्हणाले होते, ‘‘वारा आत जास, आन बठ्ठं जास.’’ बठ्ठं म्हणजे सगळे. हे सांगताना त्यांनी हाताने काही दाखवले नाही. नुसते ढिगाकडे पाहत राहिले.

आबांनी माघारी पाठवलेली गाडी पुढच्या दाराशी येई. गाडीवाला ओट्यावर बसे, दूरचे किंवा जवळचे नाते काढी, बैल थकल्याचे, मुलगी माहेरी आल्याचे सांगे. बापू उठत, त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि त्याच्याबरोबर जिनापर्यंत चालत जात. त्यांच्या मनात एवढेच असे की बिचाऱ्याला जरा धीर यावा. ते फाटकात म्हणत, ‘‘आबा, बघा जरा,’’ आणि परत येत. पण फाटकात उभ्या असलेल्या आबांना दिसे तो चेअरमनचा हात, गाडीवाल्याच्या खांद्यावर ठेवलेला. ते बाजूला होत. गाडी आत जाई.

मग गावाला त्या हाताची किंमत कळली. ज्यांचा कापूस ओला, ती माणसे सकाळीच ओट्यावर येऊन बसू लागली. बापू जिनाकडे निघाले की त्यांच्या डाव्या बाजूने चालू लागत, कारण बापूंचा हात सवयीने डाव्या माणसाच्या खांद्यावर जाई. एकदा दोघांनी डाव्या बाजूसाठी ढकलाढकली केली. ‘‘सरक ना, काल तू व्हता!’’ ‘‘तुन्हा कापूस ते नदीमा धुई आणेल शे, तू घरी जाय!’’ बापू दोघांकडे पाहून हसले आणि दोघांच्याही खांद्यांवर हात ठेवून मधोमध चालत गेले. त्या दिवशी दोन्ही गाड्या आत गेल्या.

आबा दोन वेळा पुढच्या दाराने आले होते. मी तेथेच होते. पहिल्यांदा त्यांनी सांगितले, ‘‘बापू, ओला माल आत जाई ऱ्हायना.’’ बापूंचा चेहरा असा पडला की जणू आबांनी त्यांनाच चोर म्हटले. ते म्हणाले, ‘‘आबा, एवढी वेळ सांभाळून घ्या. आपलीच माणसे आहेत.’’ दुसऱ्यांदा तेच बोलणे, तेच डोळे. त्यानंतर आबाही मागच्या दाराने येऊ लागले. मान तुकवून.

माझ्या चौदाव्या वर्षी, थंडी ऐन भरात असताना, अवेळी पाऊस आला. तीन दिवस बारीक, गार, न थांबणारा. वेचणीला आलेली बोंडे शेतातच भिजली. ऊन पडताच सगळ्यांनी घाईघाईने कापूस वेचला, आणि वाळवण्याचा धीर कोणालाच नव्हता. आमच्या ओट्यावर पहाटेपासून माणसे बसू लागली, आणि बापूंचा हात दिवसभर कोणा ना कोणाच्या खांद्यावर होता. उत्तरेकडच्या, बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये ढीग चढत गेला, आढ्याच्या जवळ पोचला. सातपुड्यातून हंगामापुरती खाली उतरलेली पावरा कुटुंबे जिनाच्या कुंपणालगत झोपड्या घालून राहत. त्यांच्यातल्या बाया त्या ढिगातून टोपल्या भरून रेच्यांपर्यंत, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांपर्यंत, नेत. त्यांतली एक तरुण बाई माझ्याशी हसे. आम्हाला एकमेकींची बोली येत नव्हती. तिच्या टोपलीला मोहाचा वास असे.

मंगळवारी दुपारी आबा मागच्या दाराशी आले. मी जात्याजवळ बसून पुस्तक वाचत होते. त्यांच्या हातात एक लोखंडी सळई होती. ढिगाच्या पोटात ती खुपसून ठेवायची, तासाभराने ओढून काढायची आणि गालाला लावून पाहायची, अशी त्यांची रीत होती. त्यांच्या गालावर एक लाल रेघ उमटलेली मला दिसली.

‘‘वहिनी,’’ ते म्हणाले, ‘‘ढीग तपेल शे. आजच उपसना पडी. इंजिन बंद करीसन, बठ्ठा मानसे लाईसन, माथ्यावरथीन नही, कडथीन हळूहळू. जवळ पानी पाहिजे. मॅनेजर म्हनस, बापूसना शबद नही ते मी इंजिन बंद करू शकत नही.’’

मॅनेजरचेही खोटे नव्हते. ऐन हंगामात जिन दोन दिवस बंद ठेवणे फक्त चेअरमनच्या शब्दाने होणार होते. आईने आत पाहिले. बापू नुकतेच शहाद्याहून आले होते. रुईच्या गासड्या बांधण्याचे प्रेस जिनाला मिळणार, ही बातमी त्यांनी आणली होती. कित्येक महिन्यांनी ते मोकळेपणी हसत होते. पाटावर बसले होते. ताट वाढलेले होते.

‘‘जेवण होऊ दे,’’ आई म्हणाली. ‘‘मग मी सांगते.’’

आबा गेले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘‘पोरी, तूच सांग. तुन्हं ऐकतीन. आजच, बरं का.’’

मी आत गेले. बापूंनी मान वर करून पाहिले. त्यांच्या मिशीला ताकाचा थेंब लागला होता. चेहऱ्यावर तो आनंद होता, जो आमच्या घरात इतक्या जणांनी इतक्या वर्षांपासून ओंजळीत धरून ठेवला होता. ‘‘ये, बस,’’ ते म्हणाले. ‘‘काय म्हणतेस?’’

माझ्या तोंडात वाक्य तयार होते. चार शब्दांचे. त्याची चव मला अजून आठवते. ओल्या सरकीसारखी, पिठूळ आणि कडवट.

‘‘काही नाही,’’ मी म्हणाले. ‘‘अजून ताक आणू का?’’

आईने जेवणानंतर सांगितले नाही, कारण बापूंना समाधानाची झोप लागली. संध्याकाळी ओट्यावर प्रेसच्या बातमीसाठी गाव जमले, गूळ वाटला गेला. बुधवारी पहाटे बापू सभेसाठी धुळ्याला गेले. सकाळी आबा पुन्हा आले. आई गोठ्यात होती. त्यांनी मला विचारले, ‘‘सांगं का बापूसले?’’

मी म्हणू शकले असते, नाही. मी म्हणाले, ‘‘हो, सांगितले.’’

‘‘काय बोलनात?’’

‘‘बघतो म्हणाले.’’

त्यांनी हळूच मान हलवली. उंबऱ्याशी थोडा वेळ उभे राहिले. मग निघून गेले. मी ‘हो’ म्हणाले नसते, तर कदाचित त्यांनी मॅनेजरशी भांडण केले असते, गावातली चार माणसे उठवली असती, स्वतःच इंजिनाचा पट्टा उतरवला असता. पण चेअरमनच्या कानावर गेले आहे, एवढे कळल्यावर ते थांबले. वरच्या माणसाच्या शब्दाची वाट पाहणे हेच त्यांना प्रामाणिकपणाचे वाटत आले होते.

गुरुवारी दुपारी शेडच्या पत्र्यांखालून वाफ येऊ लागली, आंबलेल्या पिठासारख्या वासाची. मॅनेजर घाबरला. आपल्या जबाबदारीवर इंजिन बंद करण्याचा धीर त्याला झाला नाही. पण काहीतरी केले पाहिजे म्हणून त्याने बायांना ढिगावर चढवले आणि माथ्यावरून कापूस काढायला सांगितला. आबा फाटकात होते. त्यांनी ओरडून सांगेपर्यंत उशीर झाला होता. माथा उघडला, वारा आत गेला. मी ते घराच्या गच्चीवरून पाहिले. आधी ज्वाला नव्हतीच; ढिगाच्या मध्यात एक तपकिरी डाग उमटला, पांढऱ्या कपड्यावर चहा सांडावा तसा, आणि तो पसरत गेला. मग एक आवाज झाला, मोठ्या पक्ष्याने पंख उघडल्यासारखा.

बाया उड्या टाकून निघाल्या. एक राहिली. तिच्या पायाखालचा ढीग आतून पोकळ झाला होता आणि ती छातीपर्यंत त्यात खचली. आबा गेले. त्यांनी तिच्याभोवतीचा पेटता कापूस दोन्ही हातांनी उपसला. ओंजळीमागून ओंजळ, असे पाहणारे सांगत. ती जगली, पायांना भाजले होते, पण जगली. आबांच्या हातांना कापूस चिकटला आणि चिकटलेलाच जळला.

संध्याकाळी बापू धुळ्याहून परतले. शेड, रेच्यांची रांग, वखार, सगळे काळे झाले होते, आणि हवेत रुईची राख अजून तरंगत होती. ती त्यांच्या टोपीवर, खांद्यांवर बसत राहिली. दोन दिवसांनी पावरा कुटुंबांनी झोपड्या मोडल्या आणि उरलेला हंगाम कोठे काढायचा हे ठाऊक नसताना डोंगराकडे निघाली. पाय भाजलेल्या त्या तरुण बाईला खाटेवर घालून चौघांनी उचलले होते. ती माझ्याकडे पाहून हसली नाही. तिने मला ओळखलेच नसावे.

आग कशी लागली याचा विचार करण्यासाठी सभासदांची सभा ठरली. गावात आधीच बोलले जाऊ लागले होते की म्हाताऱ्या पारख्याला आता ओले-कोरडे कळेनासे झाले होते, त्याने वाटेल तो माल आत घेतला. ज्यांच्या खांद्यांवर बापूंचा हात पडला होता, तेच हे बोलत होते. सभेच्या आदल्या सकाळी मी बापूंना गोठ्यात गाठले. पुढचे दार नाही, मागचे दार नाही; गव्हाणीजवळ, गाईच्या उबदार श्वासात उभे राहून मी सगळे सांगितले. मंगळवारचे. बुधवारचे. माझे खोटे.

ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा मला वाटले होते तसा कोसळला नाही. फक्त बराच वेळ त्यांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘‘तुझ्या आईला हे बोलू नकोस. तिला फार लागेल.’’

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की आम्ही त्यांना जपत होतो असे नाही. आम्ही त्यांच्यासारखे झालो होतो. एका माणसाचा हळवेपणा सगळ्या जिनात भिनला होता, आणि जो तो दुसऱ्याच्या चेहऱ्यासाठी सत्य गिळत होता. पुढे मी शाळेत शिकवू लागले, काही वर्षे मुख्याध्यापिकाही होते. चिडणाऱ्या वरिष्ठाला घाबरून माणसे गप्प राहतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. प्रेमळ वरिष्ठासमोर ती किती खोल गप्प राहतात, हे कोणी सांगत नाही. रागाला निदान आवाज असतो. तो ऐकून माणूस सावध होतो.

सभा जिनाच्या जळक्या अंगणात भरली. आम्ही बाया कुंपणाशी उभ्या होतो. मॅनेजरने सांगितले की कापूस ओला होता आणि तो तपासण्याचे काम पारख्याचे होते. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आबा आले नव्हते. त्यांचे हात केळीच्या पानांत गुंडाळलेले होते. मग बापू उभे राहिले.

‘‘ढीग तापल्याची खबर,’’ ते म्हणाले, ‘‘मंगळवारी माझ्या घरी—’’

‘‘बसा बापू, बसा!’’ पुढून कोणी ओरडले. ‘‘तुमनी काय चूक?’’

‘‘तुम्ही ते धुळाले व्हतात!’’

‘‘बापूसनी जीव लाईसन जिन उभं करं, त्यासले काय इचारतस?’’ एक म्हातारा रडू लागला. त्याच्याबरोबर आणखी काही. दोन माणसांनी पुढे होऊन बापूंना धरले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी पाहत होते. बापूंचे तोंड उघडे होते, वाक्य अर्धे बाहेर होते. समोर इतके भरलेले डोळे होते, आणि ते वाक्य पुरे केले असते तर त्या प्रत्येक डोळ्यातला भाव बदलला असता. त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहिले. मग ते बसले.

कुंपणाशी मी होते. मला सगळे ठाऊक होते. मीही बोलले नाही. ठराव झाला की पारख्याचे वय पाहता त्यांना आता विश्रांती द्यावी. विश्रांती हा शब्द बापूंनीच सुचवला, आबांना कमी लागावा म्हणून. चेअरमनपदी बापू एकमताने राहिले.

होळी होऊन गेल्यावर, उन्हे तापू लागली तेव्हा, बापू आबांच्या घरी जायला निघाले. मला बरोबर घेतले. आबा दारातल्या निंबाखाली बसले होते. हात बरे झाले होते, म्हणजे जखमा भरल्या होत्या. बोटे एकमेकांकडे वळून जखडली होती, त्यांची कातडी गुलाबी आणि काचेसारखी गुळगुळीत होती. त्यांची सून त्यांना घास भरवत होती. आम्हाला पाहून तिने ताटली आत नेली.

बापू खाली मातीवर बसले. ‘‘आबा,’’ ते म्हणाले, ‘‘त्या मंगळवारी—’’

‘‘ऱ्हाऊ द्या, बापू,’’ आबा लगेच म्हणाले. ‘‘व्हई गयं ते व्हई गयं. उन्हामा चालीसन उनात. घरमा जा, सून पानी देस.’’

बापूंनी पुन्हा सुरुवात केली नाही. ते पाणी प्यायला आत गेले. आम्ही दोघेच उरलो. आबा माझ्याकडे पाहत नव्हते. निंबाची पिवळी पाने एकेक करून त्यांच्या मांडीवर पडत होती आणि त्यांना ती झटकता येत नव्हती. मी वाकून ती उचलू लागले, आणि त्यांच्या इतक्या जवळ गेल्यावर मला राहवेना.

‘‘आबा, मी बापूंना सांगितले नव्हते. तुम्हाला खोटेच बोलले.’’

आतून भांड्याचा आवाज आला. मग, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात ते बोलले.

‘‘हात गयात ते गयात, पोरी. गावमा लोके म्हनतस, म्हाताराले ओलं-कोरडं समजनं नही. ते माले लागस. पन तेन्हाथीन जास्त माले आखो एक लागे.’’ ते थांबले. ‘‘माले वाटे, बापूसनी ऐकं, आन मन्हा शबद खोटा धरा.’’

इतके दिवस ते हेच समजून जगले होते: की आयुष्यभराच्या त्यांच्या हाताची साक्ष बापूंनी ऐकली आणि बाजूला ठेवली. तरीही त्यांनी गावात अवाक्षर काढले नव्हते. मी काहीतरी बोलू पाहत होते, पण त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले आणि बापू बाहेर येईपर्यंत पुन्हा वळवले नाही.

बापूंनी त्यांना रामराम केला. आबांनी मान हलवली. आम्ही निघालो. केळीच्या बागांमधून वाट जात होती. पाटाच्या पाण्याचा गार वास येत होता, पण मातीतून वर येणारी झळ त्याहून जोरदार होती. बापू संथ चालत होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला होते. मनातल्या मनात मी ती वाक्ये जुळवत होते, आबांनी सांगितलेली, त्यांच्याच बोलीत, एकही शब्द न बदलता. ती त्यांच्यापर्यंत जायला हवी होती. दुसऱ्या कोणत्याही दाराने ती जाणार नव्हती.

बागा संपल्या. नदीचे पात्र दिसू लागले, कोरडे, पांढऱ्या वाळूचे. बापू थांबले, उपरण्याने घाम पुसला आणि माझ्याकडे न पाहता विचारले,

‘‘आबा रागावले नाहीत ना गं?’’

त्यांच्या आवाजात लहान मुलाची ती वाट पाहणारी आशा होती. मी त्यांच्याकडे पाहिले.

‘‘नाही, बापू,’’ मी म्हणाले.

त्यांनी एक मोकळा श्वास सोडला, आणि आम्ही घराकडे चालू लागलो.